अक्कलदाढेची साक्ष

काढलेली दाढ हवी आहे का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा माझा अर्धा जबडा बधिर होता. उरलेल्या अर्ध्यातून मी कसाबसा ‘हो’ म्हणालो. त्यांनी ती धुतली, कापसात गुंडाळली आणि कानातली ठेवतात तसल्या चिमुकल्या डबीत घालून हातात दिली. “लहान मुलं मागतात. मोठं कुणी मागत नाही,” म्हणाल्या. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे.

एक्स-रेमध्ये ती चक्क आडवी झोपलेली दिसली होती, शेजारच्या दाढेला डोकं टेकून. “जागाच नाहीये तुमच्या जबड्यात हिला,” असं बाई ज्या सुरात म्हणाल्या, त्यावरून घर बांधताना मीच एक खोली कमी काढली असावी असं वाटलं. काय सांगणार त्यांना? हे बांधकाम फार जुन्या मालकांचं. खोल्या कमी होत गेल्या, बिऱ्हाडं तेवढीच राहिली. पाचातल्या सुमारे एका माणसाला निदान एक अक्कलदाढ जन्मतःच नसते म्हणतात. माझ्या चारही होत्या, आणि अक्कल यायच्या आधीच त्यातली एक गेली.

गेले तीन आठवडे ती डबी माझ्या टेबलावर आहे. माणसाच्या पूर्वजांविषयी मिळेल ते वाचायची मला जुनी खोड, पण वाचताना माझं लक्ष नेहमी कवट्यांकडे. कवटीला चेहरा असतो, डोळ्यांच्या खोबण्या असतात, ती आपल्याकडे बघते. दात म्हणजे तक्त्यातली तळटीप. डबी उघडून दाढ हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की ही सगळी वंशावळ मुळात दातांवर उभी आहे. आणि तिच्यातल्या घोडचुकाही.

कारण सरळ आहे. मेल्यावर मांस जातं, हाडं तरस फोडतात, नदी लोळवते, आम्लधर्मी माती विरघळवते. दात उरतात. त्यांच्यावरच्या इनॅमलचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. म्हणजे आपण जिवंत असतानाच तोंडात थोडा दगड बाळगून असतो, अश्मीभूत व्हायला त्याला फारसं काही करावं लागत नाही. शिवाय हाड आयुष्यभर मोडून पुन्हा बांधलं जातं, पण इनॅमल एकदा बनलं की बनलं. बनताना त्यात दररोज एक सूक्ष्म रेघ पडते, झाडाच्या वर्तुळासारखी, फक्त वर्षाची नव्हे तर दिवसाची. दुधाच्या दातांत आणि पहिल्या कायमच्या दाढेत जन्माच्या वेळची एक ठळक रेघही असते. ती सापडली की तिथून पुढे दिवस मोजायचे. माझ्या डबीतल्या दाढेत अर्थात जन्म नाही. हिचं डोकं तयार व्हायला लागलं तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. बाराव्या वर्षी मला टायफॉइड झाला होता. आई अजून त्या महिन्याबद्दल बोलते. त्याचा ओरखडा हिच्यात कुठेतरी असू शकेल.

युजीन द्युबुआ हा डच डॉक्टर १८८७ मध्ये लष्करी नोकरी पत्करून ईस्ट इंडीजला गेला तो मुळी माणसाचा पूर्वज शोधायलाच. असला वेडा बेत आखून जाणारे बरेच असतील, याचा फळला. जावा बेटावर सोलो नदीच्या काठी त्रिनील इथे सप्टेंबर १८९१ मध्ये त्याच्या मजुरांना पहिल्यांदा जे मिळालं ती एक दाढ होती. कवटीची टोपी पुढच्या महिन्यात मिळाली, मांडीचं हाड पुढच्या वर्षी. दाढ बघून त्याला आधी हा चिंपांझीसारखा कपी वाटला होता. पुढे त्याने त्याला ताठ उभा राहणारा कपिमानव ठरवलं, आज आपण त्याला होमो इरेक्टस म्हणतो. गंमत म्हणजे कवटीबद्दल आता कुणाला शंका नाही, पण ती पहिली दाढ त्याच प्राण्याची की एखाद्या ओरांगउटानची, यावर तज्ज्ञ अजूनही दातओठ खातात.

एका दातावरून किती बोलावं याचा धडा अमेरिकेत मिळाला. नेब्रास्कातल्या एका पशुपालकाला, हॅरॉल्ड कुकला, १९१७ मध्ये एक झिजलेली दाढ सापडली होती. १९२२ मध्ये त्याने ती न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियमचे प्रमुख हेन्री फेअरफील्ड ऑसबोर्न यांच्याकडे पाठवली. ऑसबोर्न मोठा माणूस, मोठ्या जीवाश्मांचा जाणकार. त्यांनी त्याच वर्षी दाढेवरून अमेरिकेतल्या पहिल्या मानवसदृश कपीचं बारसं केलं: हेस्परोपिथेकस, पश्चिमेचा कपी. लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाच्या चित्रकाराने तर त्या एका दाढेवरून अख्खं जोडपं रंगवलं. पुरुषाच्या हातात दांडका, बाई खाली बसलेली, मागे उंट आणि घोडे. एवढी कल्पनाशक्ती दाढेला सोसली नाही. त्याच जागी पुन्हा उत्खनन झालं, आणखी दात निघाले, आणि १९२७ मध्ये विल्यम ग्रेगरी यांनी जाहीर केलं की दाढ पेकरीची आहे. पेकरी म्हणजे रानडुकरासारखा एक प्राणी. ऑसबोर्न यांची थट्टा आजतागायत चालू आहे. पण मला या गोष्टीत थट्टेपेक्षा दुसरंच काही आवडतं: चूक उघडकीला आणली ती त्याच संग्रहालयाच्या माणसाने, त्याच जमिनीत पुन्हा खणून. नावाला घट्ट धरून बसायची मुभा होती की त्यांना. नसते खणले, तर कोण विचारणार होतं?

विचारणारे उशिरा येतात, याचं उदाहरण इंग्लंडमधलं. चार्ल्स डॉसन नावाच्या हौशी संशोधकाने पिल्टडाउनच्या खडीतून आणलेली कवटी आणि जबडा डिसेंबर १९१२ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिकांपुढे ठेवला गेला. कवटी माणसाची, जबडा कप्याचा, दाढा मात्र माणसासारख्या सपाट झिजलेल्या. तेव्हाच्या इंग्रज विद्वानांना हवा होता तो पूर्वज अगदी असाच: आधी मेंदू मोठा झालेला, बाकीचं मागून सुधारणारा. आणि इंग्लंडमध्ये जन्मलेला, हे ओघानेच आलं. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही आपली म्हण त्यांना कुणी सांगायला हवी होती. हे सगळेच दाखवायचे दात होते. जबडा ओरांगउटानचा, आणि दाढा कानशीने घासलेल्या. जबड्याचा जो भाग कवटीला जोडला जातो तोच नेमका मोडलेला, म्हणजे जुळवून बघायची सोय नाही. १९५३ मध्ये वाइनर, ओकली आणि ले ग्रॉस क्लार्क यांनी ते दात भिंगाखाली धरले तेव्हा कानशीचे ओरखडे दिसले. एक्केचाळीस वर्षं ते दातांवरच होते. कुणी त्या नजरेने पाहिलं नाही एवढंच.

या एक्केचाळीस वर्षांची किंमत ज्याला मोजावी लागली तो एक लहान मूल होता, आणि ते मेलेलं होतं, म्हणून त्याने तक्रार केली नाही.

१९२४ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला रेमंड डार्ट नावाचा तरुण शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक मित्राच्या लग्नासाठी कपडे घालून तयार होत होता. लग्न त्याच्याच घरी होतं. तेवढ्यात ताउंग गावच्या चुनखडीच्या खाणीतून दगडांच्या दोन पेट्या आल्या. नवरदेव खोळंबलेला, आणि हा नव्या कोऱ्या कॉलरसकट पेट्यांवर वाकलेला. एका दगडात मेंदूचा हुबेहूब साचा होता. निसर्गाने कवटीत चुना भरून ओतलेला. दुसऱ्या दगडात तो साचा नेमका बसेल अशी खोबण, म्हणजे चेहरा आत असणार. पुढचे कित्येक आठवडे त्याने बायकोच्या विणकामाच्या सुया घासून, टोकदार करून तो दगड कोरला. नाताळच्या दोन दिवस आधी चेहरा बाहेर आला.

चेहरा बाळाचा होता. दुधाचे दात सगळे शाबूत, आणि त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ नुकतीच फुटत असलेली. सुळे इवलेसे. कप्यांच्या सुळ्यांसारखे पुढे आलेले नाहीत. मज्जारज्जू जिथे कवटीत शिरते ते छिद्र तळाशी, बरंच पुढे, म्हणजे डोकं ताठ मानेवर तोललेलं. पण मेंदू लहान. डार्टने फेब्रुवारी १९२५ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं: हा माणूस नाही, पण माणसाच्या वाटेवरचा आहे. नाव दिलं ऑस्ट्रालोपिथेकस आफ्रिकानस, आफ्रिकेचा दाक्षिणात्य कपी.

लंडनमध्ये कुणी मनावर घेतलं नाही. मेंदू लहान आणि दात माणसाचे, हे तर पिल्टडाउनच्या अगदी उलट. दोघांपैकी एकच खरा असू शकत होता, आणि खरा कोण हे आधीच ठरलं होतं. आर्थर कीथ यांच्यासारखे दिग्गज म्हणाले, हे कप्याचं पोर आहे, पोरं सगळीच माणसासारखी दिसतात. कीथ यांनी आपली चूक छापून मान्य केली ती १९४७ मध्ये. मान्य केली हे खरं. बावीस वर्षं लागली, हेही खरं.

मला त्या पोराच्या वयाची गोष्ट अधिक हलवून जाते. आपल्याकडे पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते. तेव्हा ताउंगचं मूलही सहा वर्षांचं असणार, असं साठ वर्षं धरलं गेलं. मग १९८५ मध्ये टिमथी ब्रोमेज आणि ख्रिस्तोफर डीन यांनी या जातीच्या आणि तिच्या भाऊबंदांच्या दातांवरच्या वाढीच्या रेघा मोजल्या. उत्तर निम्म्यावर आलं, तीन-साडेतीन वर्षं. त्यांच्या दाढा चिंपांझीसारख्या लवकर येत होत्या. बाळपण लांबवायची चैन अजून त्या घरात आलेली नव्हती. दोन पायांवर चालणं आलं होतं, लहान सुळे आले होते, पण सहा वर्षं मूल राहणं नाही. ते फार नंतर आलं. अक्कलदाढ अठरा-वीस वर्षांपर्यंत लांबते ती त्याच चैनीपायी.

या मुलाचा शेवट कसा झाला तेही बहुधा कळलं आहे. लाखो वर्षांपूर्वीचा एक मृत्यू, आणि त्याची उकल २००६ मध्ये. गरुडांनी मारलेल्या माकडांच्या कवट्यांवर कशा खुणा असतात याचा एक अभ्यास वाचून ली बर्गर यांनी ताउंगची कवटी पुन्हा पाहिली. डोळ्यांच्या खोबणीत, तळाशी, तशाच खुणा. त्या खाणीत लहान प्राण्यांचीच हाडं का सापडतात, हा प्रश्न ते आणि रॉन क्लार्क आधीपासून विचारत होतेच. तीन वर्षांचं पोर, वरून पडलेली सावली, आणि कुठेतरी जवळच असलेली आई. जीवाश्म म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस. हे वाचल्यावर दोन दिवस माझं दुसऱ्या कशात लक्ष लागलं नव्हतं.

रामापिथेकसबद्दल लिहायला मात्र मला मजा येते. शाळेत असताना ‘रामापिथेकस, ऑस्ट्रालोपिथेकस, होमो हॅबिलिस’ असं मी पाढ्यासारखं घोकलं होतं. परीक्षेत त्याला एक गुणही मिळाला. पुढे कळलं, मी घोकत होतो तेव्हाच तो पूर्वज पदावरून उतरलेला होता. पाठ्यपुस्तकापर्यंत बातमी पोचायला वेळ लागतो.

येल विद्यापीठाचा विद्यार्थी जी. एडवर्ड लुइस याला १९३२ मध्ये शिवालिकच्या टेकड्यांत हरितल्यांगर इथे वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. त्याने त्याला प्रभू रामचंद्रांचं नाव दिलं. शिवालिकच्या कप्यांची नावं अशीच आहेत, शिवापिथेकस त्यांच्यात आधीपासून होताच. तुकडा तीस वर्षं कपाटात राहिला. साठच्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी तो बाहेर काढला. सुळा लहान, इनॅमल जाड. जबड्याची एकच बाजू होती, दुसरी तिच्या आरशातल्या प्रतिमेसारखी जोडली तर माणसासारखी कमान बनत होती. मधला भाग अर्थातच अंदाजाचा. या कमानीवर पूर्वज उभा राहिला: १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा पहिला मानववंशीय, आणि तो हिमालयाच्या पायथ्याशी! आपल्याला आनंद होणारच.

मग १९६७ मध्ये बर्कलीचे व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन, ज्यांनी जीवाश्माला हातही लावला नव्हता, रक्तातल्या प्रथिनांची तुलना करून म्हणाले की माणूस आणि चिंपांझी वेगळे होऊन जेमतेम ५० लाख वर्षं झाली आहेत. तसं असेल तर रामापिथेकस दिसायला कसाही असो, मानववंशीय असूच शकत नाही. हाडांची माणसं चिडली. परीक्षानळीवाल्यांनी आम्हाला शिकवायचं? पण १९८० मध्ये पाकिस्तानातल्या पोटवारच्या पठारावर पिलबीम यांच्याच चमूला शिवापिथेकसचा चेहरा मिळाला, एका बाजूचा जवळपास पूर्ण. तो ओरांगउटानच्या चेहऱ्याशी जुळला. रामापिथेकसचे दात शिवापिथेकसच्या दातांपासून वेगळे काढता येईनात. राम शिवात विलीन झाला, आणि दोघे मिळून ओरांगउटानच्या घराण्यात गेले.

पिलबीम यांनी आपलाच सिद्धान्त स्वतः मागे घेतला. तीनचार वाक्यांत सांगायची गोष्ट, पण माणसाने ज्यावर नाव कमावलं ते त्यानेच खाली उतरवून ठेवणं हे मी फार थोड्या क्षेत्रांत पाहिलं आहे. माझ्या कचेरीत तर मुळीच नाही.

भारताचा विषय निघालाच आहे तर हथनोरा. नर्मदेच्या काठी तिथे ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग मिळाला. जाड, जुना, निर्विवाद मानवी. पण चेहरा नाही, जबडा नाही, दात एकही नाही. त्याला होमो इरेक्टस म्हणायचं की आणखी काही, हा वाद त्यामुळेच मिटत नाही. दगडात नुसती टोपी ठेवून माणूस निघून गेला.

उलट ल्युसी. इथिओपियातल्या हदारला २४ नोव्हेंबर १९७४ रोजी डोनाल्ड योहान्सन आणि टॉम ग्रे यांना सापडलेली, ३२ लाख वर्षांपूर्वीची, जेमतेम साडेतीन फुटांची. तिच्या सांगाड्याचा सुमारे ४० टक्के भाग मिळाला म्हणून ती प्रसिद्ध. तिच्या गुडघ्यावर आणि कटीवर पानंच्या पानं लिहिली गेली. पण एवढीशी उंची बघून पहिला प्रश्न काय पडेल? लहान मुलगी का ही? नाही, कारण तिला अक्कलदाढ आलेली होती, आणि थोडी झिजलीही होती. पूर्ण वाढलेली बाई होती. तिच्या जबड्यात अक्कलदाढेला ऐसपैस जागा होती, हे मी हेव्याने नोंदवतो.

केनियात तुर्काना सरोवराजवळ कामोया किमेयू यांनी १९८४ मध्ये शोधलेला मुलगा बरोबर याच्या उलट फसवतो. होमो इरेक्टस, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा, उंची १६० सेंटिमीटर. उंचीवरून तेरा-चौदा वर्षांचा म्हणाल. दातांतल्या रेघा म्हणतात, आठ. त्याच्या जबड्यावर, दुधाची दाढ पडली त्या जागी, पू झाल्याची खूण आहे. त्या संसर्गाने तो गेला असावा असा एक अंदाज आहे. माझे टाके दुखत होते त्या रात्री मी हे पुन्हा वाचलं आणि मुकाट्याने प्रतिजैविकाची गोळी घेतली.

पण दात पाहून जे वाटतं तेही खरं असेलच असं नाही. टांझानियात ओल्डुवाई घळीत १७ जुलै १९५९ रोजी जीवाश्म शोधणारे लुई लीकी तापाने तळावर झोपून होते. त्यांच्या पत्नी मेरी लीकी कुत्र्यांना घेऊन एकट्याच बाहेर पडल्या आणि त्यांना उतारावर जबड्यातल्या दोन मोठ्या दाढा चमकताना दिसल्या. केवढ्या दाढा! आपल्या दुप्पट रुंद, जात्याच्या तळीसारख्या. कवटीच्या माथ्यावर स्नायू बांधायला हाडाचा उंच तुरा. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, हा कवच फोडून बिया खाणारा. इंग्रजीत त्याला जे टोपणनाव पडलं त्याचं मराठी ‘अडकित्त्या’ असं करायला हरकत नाही. पन्नास वर्षं तो अडकित्त्याच राहिला. मग २०११ मध्ये इनॅमलमधल्या कार्बनच्या प्रकारांचं मोजमाप प्रसिद्ध झालं. झाडांची फळं-पानं खाल्ली तर कार्बन एका जातीचा येतो, उष्ण प्रदेशातलं गवत आणि लव्हाळी खाल्ली तर दुसऱ्या जातीचा. अडकित्त्याच्या आहारात तीन-चतुर्थांशांहून अधिक हिस्सा या दुसऱ्या जातीचा निघाला. म्हणजे तो दिवसभर गवत-लव्हाळी चघळत बसलेला असायचा. आकारावरून जे शौर्य आपण त्याला बहाल केलं होतं, ते रसायनाने काढून घेतलं.

आणि दात नसणं हीसुद्धा साक्षच. जॉर्जियात द्मानिसी इथे एका मध्ययुगीन गावाच्या अवशेषांत पुरातत्त्वज्ञ खणत होते. त्या गावातल्या घरांच्या खालच्या धान्याच्या पेवांत त्यांना प्राण्यांची हाडं दिसली, आणि त्यात एक गेंड्याचा दात होता. गेंडा नामशेष जातीचा. मग आणखी खाली खणलं आणि १९९१ पासून एकेक करून आफ्रिकेबाहेरच्या सर्वांत जुन्या मानवी कवट्यांचा समूह निघाला, सुमारे १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा. त्यातली एक कवटी आणि तिचा जबडा एका म्हाताऱ्याचा. तोंडात एक खालचा सुळा सोडला तर दातच नाहीत. मेल्यावर गळले म्हणावं, तर तसं नाही. दातांच्या खोबण्या भरून आलेल्या आहेत, हाड गुळगुळीत झालेलं आहे. त्याला वेळ लागतो. दात गेल्यावर हा माणूस काही वर्षं जगला.

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. याच्याकडे दात नव्हते, आणि जे होतं ते कच्चं मांस आणि चिवट मुळं. विस्तव पाळत असल्याचा पुरावा तिथे नाही. मग जगला कसा? कुणी चावून, कुटून दिलं का? अनेकांनी हेच लिहिलं: करुणेचा पहिला पुरावा. मला हे फार मानायचं आहे. म्हणूनच जरा थांबतो. दात गेलेले चिंपांझीही रानात जगताना दिसले आहेत, तिथे कुणी कुणाला भरवत नाही. मगज, मज्जा, मऊ फळं खाऊन तोही निभावला असेल. दगडाने कुटता तर त्याला येतच होतं. ऑसबोर्न यांना कपी हवा होता, कीथ यांना मोठा मेंदू हवा होता, मला करुणा हवी आहे. हवं असणं तेच. एवढं मात्र खणखणीत, की तो एकटा राहत नव्हता आणि त्याला टाकून दिलं नव्हतं, किंवा टाकलं असलं तरी तो मागे पडला नव्हता. आता हे वाक्य फार सावध झालं, कळतंय मला.

दात कोरून पोट भरत नाही, पण दात कोरण्याची सवय मात्र पोटाइतकीच जुनी. क्रोएशियातल्या क्रापिनाच्या निअँडरथलांच्या दाढांमध्ये काडी फिरवून फिरवून पडलेल्या खाचा आहेत. त्यांच्या पुढच्या दातांवर तिरके ओरखडे आहेत. मांसाचा तुकडा दातांत धरायचा, एका हाताने ओढायचा, दुसऱ्या हाताने दगडी पात्याने कापायचा. पातं निसटलं की दातावर रेघ. रेघेच्या कलावरून कुठल्या हातात पातं होतं ते कळतं. बहुतेक सगळे उजवे.

चीनमध्ये जुन्या औषधांच्या दुकानांत जीवाश्म ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून विकले जात आणि कुटून काढ्यात जात. किती पूर्वज लोकांच्या पोटात गेले असतील! हाँगकाँगच्या अशाच एका दुकानात १९३५ मध्ये फॉन केनिग्सवाल्ड यांना एक राक्षसी दाढ मिळाली आणि त्यावरून जायगँटोपिथेकस हा महाकाय कपी विज्ञानाला ठाऊक झाला. पेकिंगजवळच्या झोउकोउतिआनचा माणूसही १९२७ मध्ये दातावरूनच नावारूपाला आला. पुढे तिथल्या कवट्या निघाल्या, आणि डिसेंबर १९४१ मध्ये युद्धाच्या धामधुमीत पेट्यांसकट नाहीशा झाल्या. आज त्यांचे साचे आहेत. आणि स्वीडनला उप्सालाला सुरुवातीच्याच खोदकामातून गेलेले मोजके दात आहेत. पुन्हा दातच.

चीनमधल्याच हार्बिनच्या कवटीची गोष्ट त्याहून अद्भुत. १९३३ मध्ये जपानी अमलाखाली नदीवर पूल बांधला जात असताना एका मजुराला ती मिळाली असं सांगतात. त्याने ती एका पडक्या विहिरीत लपवली आणि आयुष्यभर तोंड उघडलं नाही. मरताना घरच्यांना सांगितलं. २०१८ मध्ये ती अभ्यासकांच्या हाती आली. प्रचंड कवटी, किमान १ लाख ४६ हजार वर्षं जुनी, आणि वरच्या जबड्यात उरलेली एकच मोठी दाढ. दुसरीकडे सैबेरियातल्या देनिसोवा गुहेतून २०१० पासून एक वेगळीच मानवजात डीएनएवरून ओळखली गेली होती. तिची करंगळीच्या हाडाची कपची होती, एकदोन दाढा होत्या, चेहरा नव्हता. नाव होतं, गाव होतं, चेहरा नाही. हार्बिनच्या कवटीला चेहरा होता, कूळ नव्हतं. २०२५ मध्ये दोघांची गाठ पडली. कवटीतली प्रथिनं देनिसोवनांशी जुळली, आणि डीएनए मिळाला तो त्या एका दाढेवर साचलेल्या कीटणातून. कीटण म्हणजे दातांवरचा तो पिवळट दगडी थर, जो आपण लाजेने खरवडून घेतो.

काल टाके दाखवायला गेलो होतो. जखम भरत आली आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग आरसा तोंडात घालून जरा वेळ गप्प राहिल्या.

“खालच्या दातांमागे कीटण फार साचलंय हो तुमच्या. किती वर्षांत काढलं नाहीये?”

“राहू दे थोडं,” मी म्हणालो.

त्यांनी मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि यंत्र सुरू केलं. वीस मिनिटं कानात शिट्टी वाजत राहिली. मग हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाल्या, “चूळ भरा.”